गुरुजींचं मी खरं मानलं

दुष्काळाच्या वर्षी जामखेडजवळच्या आमच्या गावातली बहुतेक माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात. मीही जायची. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या शेजारी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक बाई बसायची, माझ्याच वयाची. हातोडा कसा धरला म्हणजे हाताला फोड येत नाहीत, हे तिनेच मला दाखवलं.

एका संध्याकाळी शाळेच्या गुरुजींनी देवळासमोर सभा घेतली. गुरुजी नगरचे. गाव त्यांना मानायचं. आवाज न चढवता ते म्हणाले, "कामावर तुम्ही सगळे एकाच पिंपातलं पाणी पिता. तिथं कुणी बाटत नाही. मग गावच्या विहिरीवर पाणी बाटतं कसं? कुणीतरी मला सांगा." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. "पटतंय ना? मग पटलेलं जो करत नाही, तो स्वतःलाच फसवतो," असं म्हणून ते खाली बसले.

मला पटलं होतं. वस्तीतल्या बायका विहिरीपासून लांब, कुणीतरी पाणी वाढेल म्हणून ताटकळत बसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावरच्या त्या शेजारणीला हाताला धरून विहिरीवर नेलं.

"नगं बाई," ती म्हणाली. "मार खायची पाळी माज्यावर येईल."

"गुरुजी आहेत ना आपल्या बाजूनं."

तिने पोहरा सोडला, घागर भरली. बाकीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन मागे सरल्या.

दुपारी आम्हा दोघींना चावडीवर उभं केलं. "हे तुला कुनी शिकवलं?" पाटलांनी विचारलं. मी गुरुजींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पाटील पागोटं सारखं करत राहिले. क्षणभर वाटलं, जिंकलो. मग त्यांनी चावडीवरच बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. "मी विचार मांडला होता," ते म्हणाले. "लगेच उठून विहिरीवर जा, असं मी म्हटलेलं नाही. आधी लोकांची मनं तयार व्हायला हवीत."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाटलांना जे उत्तर सुचत नव्हतं, ते गुरुजींनीच त्यांना सुचवलं होतं.

सासऱ्यांनी तिथंच माफी मागितली म्हणून मी सुटले. वस्तीला मात्र आठ दिवस कुणी पाणी वाढलं नाही. तिथल्या बायका कोसभर लांब, कोरड्या नदीत खणलेल्या झिऱ्यावर जायच्या. एकदा मी भरलेली घागर घेऊन त्यांच्या वाटेवर उभी राहिले. ती थांबली, पण घागर घेतली नाही.

"तुमी गुरुजींच्या भरवशावर आला, अन् मी तुमच्या," ती म्हणाली. "तुमच्या सासऱ्यानं माफी मागितली, तवा तुमी खाली बघत हुता."

दुसऱ्या दिवसापासून ती खडीच्या पलीकडच्या रांगेत बसायला लागली. गुरुजींवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण तो कुणाला सांगायला लागले, की चावडीवर खाली बघत उभी असलेली मीच मला आठवते.