राहिलेली एक काच

दर रविवारी दुपारी जर्मनीहून मुलीचा फोन येतो. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." संपलं. तिची आई गेल्यापासून दोन वर्षं आम्ही बापलेक दीड मिनिटात सगळं आटोपतो. मग उरलेला रविवार मी आणि चिखलीतला हा फ्लॅट एकमेकांकडे बघत काढतो.

मध्यंतरी कपाटात तिच्या बारशाला घेतलेला कॅमेरा सापडला. तेव्हाही तो जुनाच होता, देहूरोडच्या एका निवृत्त सुभेदारांचा. खराब होऊ नये म्हणून बायकोनं तीन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून ठेवलेला. आतल्या आत ओल कोंडून लेन्सवर बुरशीचं पांढरं जाळं धरलं होतं.

कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला काढलेला माणूस मी. म्हटलं, एवढी प्रेस मशिनं खोलली, लेन्स ती काय! रबरी बूच दाबून लेन्सची पुढची रिंग फिरवली, मेडिकलमधून आणलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडनं काच पुसली, परत बसवली. कॅमेऱ्यातून पाहतो तर समोरची अख्खी सोसायटी विरघळलेली. काच उलटी बसली होती. "खोलण्याआधी मार्करनं खूण करा रे!" असं नव्या पोरांवर तीस वर्षं ओरडणारा तो मीच.

रविवारी हे सांगितलं, तर ती खो खो हसली. "बाबा, तुम्ही? खूण न करता? माझ्या सायकलचं चाक काढतानासुद्धा खुणा करायचात! आई म्हणायची, हे लग्नातही हारावर खूण करून आले होते." मग आईच्या गोष्टी निघाल्या. फोन ठेवला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

लेन्समध्ये एकामागे एक अशा बऱ्याच काचा असतात. तेव्हापासून मी दर रविवारच्या फोनला एक काच असा हिशेब धरला. तीन रविवार छान गेले. परवा शेवटची काच बसवली. समोरच्या गॅलरीतले कपड्यांचे चिमटे रंगासकट मोजता आले. एवढं साधलं, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या रविवार, आणि सांगायला काच उरली नव्हती.

काल तिनं विचारलं, "झाली का साफ?"

"एक काच राहिलीय गं अजून."

"मागच्या रविवारीही एकच राहिली होती. बाबा, आहेत तरी किती काचा त्यात?"

"जुनं मॉडेल आहे. जास्त असतात."

मग ती म्हणाली, "बरं. घाई नका करू. पुढच्या रविवारी सांगा. आणि या वेळी आधी खूण करा."

फोन ठेवून मी मार्कर शोधला. लख्ख लेन्सच्या रिंगवर नीट खूण केली, आणि ती पुन्हा खोलली.