बाबांच्या पाठीमागची भिंत

सरावलीच्या आमच्या खोलीला आईने कधी आवडीचा रंग दिला नाही. बाबा रंग बनवणाऱ्या कारखान्यात होते. कितीही अंघोळ केली तरी घामातून रंग निघायचा, आणि ते टेकून बसायचे तिथे भिंतीवर पाठीएवढा डाग उमटायचा. ते लाल खात्यात होते तेव्हा आमची भिंत गुलाबी होती. पिवळ्या खात्यात गेले, तशी आईने खोली पिवळी करून घेतली. म्हणजे डाग दिसायला नको. पाहुण्यांना वाटायचं, काय हौशी माणसं आहेत. मला मात्र त्या पिवळ्याचा उबग आला होता आणि मी तो चारचौघांत बोलून दाखवायचे.

बाबा निवृत्त होऊन सहा महिने झाले, तेव्हा आईनेच विषय काढला. बोईसरच्या दुकानात तिने पांढऱ्याचे सगळे प्रकार बघितले, मलईसारखे दिसणारे बाजूला सारले आणि निळसर झाक असलेला थंड पांढरा घेतला. पिवळ्याचा थेंब नको, एवढंच तिचं म्हणणं. रंगकाम झालं तेव्हा मी दारातच थबकले. भर दुपारी घर गार वाटत होतं.

बाबा मात्र खोलीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले. जेवले तिथेच, टीव्ही बघितला तिथूनच. आठ दिवस त्यांनी भिंतीला पाठ लावली नाही. आई टेका म्हणाली, तर पाठ दुखत नाही म्हणाले. मी चिडले, पण मनात धास्ती मलाही होती. रंग अजून अंगात असला तर? ही भिंतही पिवळी झाली असती, तर हा माणूस पार खचला असता.

नवव्या दिवशी कपाटाशेजारी, खांद्याच्या उंचीवर, पिवळा डाग दिसला. सकाळी कपाट सरकवताना बाबांचा खांदा नेमका तिथेच घासला होता. डाग आधी त्यांनीच पाहिला. ते तडक न्हाणीत गेले आणि अंग घासत राहिले. तो आवाज मला ऐकवेना.

मी साबणाची ओली वडी घेतली आणि तावातावाने डागावर फिरवली. डाग लाल झाला. मी खाली बसून हसायलाच लागले. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो असाच लाल होतो. बाबांचा पिवळा साबणाला कधी बधत नसे, आयुष्यभर आम्ही तो घासून पाहिला होता. सकाळी मासळीला हळद-मीठ लावता लावता आई आली होती आणि कपाट सरकवायला मदत करताना तिनेच भिंतीवर हात टेकला होता.

मी दाराबाहेरूनच बाबांना सांगितलं. ते ओल्या अंगाने आले, डाग पाहिला, आईची पिवळी बोटं पाहिली. मग भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. तासाभराने उठले तेव्हा आम्ही तिघांनी भिंत बघितली. नुसती ओल होती. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

आई फडकं घेऊन हळद पुसायला गेली, तर बाबांनी तिचा हात धरला.

"राऊ दे," ते म्हणाले. "या घरात पयल्यांदाच डाग पडलाय नि तो माझा नाय."