टोपणातला तांदूळ

शेषराव गेल्याचा निरोप घेऊन त्याचा मुलगा फाटकाशी आला, तेव्हा मी कोर्टात निघायच्या गडबडीत होतो. "बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी काळा कोट काढून खुंटीला अडकवला. शेषरावनं सोळा वर्षं आमची गाडी चालवली. त्यातली बहुतेक वर्षं मी त्याची एक माफी मागायची टाळत आलो... ती आता राहूनच गेली.

माझे वडील गेले त्या वर्षीचा दसरा. गाडी त्यांची, पूजाही तेच करायचे. त्या वर्षी आईनं स्वतः ताट हातात घेतलं. माझी आत्या दिवाळीपर्यंत मुक्कामाला आलेली, ती लगेच म्हणाली, "विधवेच्या हातचं कुंकू गाडीला? काही ना काही वाईट होईल बघ." भर कोर्टात गरजणारा मी आत्यापुढे मात्र मुका झालो. आई तशीच ताट घेऊन उभी. शेषराव चाकांत हवा भरत होता, तोच म्हणाला, "या बाई, मागच्या चाकापासून सुरू करा." आणि आईनं पूजा केली.

दुसऱ्या दिवसापासून मागचं डावं चाक बसायला लागलं. संध्याकाळी हवा भरावी, तर सकाळी चाक अर्धं खाली. पंक्चरवाल्यानं ट्यूब दोनदा पाण्यात बुडवली, एक बुडबुडा निघेल तर शपथ. उमरेडच्या कोर्टात दोनदा उशिरा पोचलो आणि माझं डोकं फिरलं. गावाकडे कुहीला धान कापायला जायचं म्हणून शेषरावनं सुटी मागितली होती, मी दिली नव्हती. माझ्या वकिली डोक्यानं दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. पंक्चरच्या दुकानात, चार माणसांदेखत मी त्याला म्हटलं, "सुटी नाही मिळाली म्हणून तूच हवा सोडून राहिला ना? सोमवारी चाक बसलेलं दिसलं, तर कामावर येऊ नको." घरी तीन लेकरं होती त्याची. "मी काहून सोडीन, साहेब?" एवढंच तो बोलला.

रविवारी तो येऊन चाकापाशी मांडी घालून बसला. साबणाचं पाणी टायरवर सोडून पाहिलं, रिमच्या कडेला, वॉल्व्हच्या तोंडावर... काही नाही. मग वॉल्व्हचं टोपण लावून त्यावरही पाणी सोडलं, तर टोपणाच्या कडेनं बारीक फेस यायला लागला. त्यानं टोपण उघडून काडीनं टोकरलं. आत तांदळाचा दाणा, कुंकवानं घट्ट चिकटलेला. हवा भरताना टोपण चाकाशी उलटं ठेवलेलं, त्यात आईची अक्षता पडली होती. टोपण आवळलं की दाणा वॉल्व्हमधली पिन दाबायचा आणि हवा हळूहळू निघून जायची. पंक्चरवाला टोपण काढूनच ट्यूब बुडवायचा, त्याला दिसणार कसं?

मी आईला हाक मारणार, तोच शेषरावनं माझा हात धरला. "बाईले नका सांगू. आत्याबाई घरातच हाये. बाई पुन्हा ताटाले हात नाही लावणार." आई बाहेर आली तशी तो म्हणाला, "टोपणात माती राहिली होती बाई, माझंच लक्ष नव्हतं."

"काय गा शेषराव, एवढ्यासाठी माझ्या पोराला आठ दिवस तापवलंस," आई म्हणाली. तो हसला. मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. निदान त्या दुकानात जाऊन तरी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. लाज वाटली, दुसरं काय. आईनं मात्र पुढं शेवटपर्यंत दर दसऱ्याला गाडीची पूजा केली.

तेराव्यानंतर हुडकेश्वरला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे हात करून म्हणाली, "तुमचा लय जीव होता, साहेब. एकदा यायच्या चुकीनं चाकातली हवा जात होती, तरी तुम्ही कामावर ठेवलं. मी लय बोलली होती तवा यायले."

म्हणजे घरीसुद्धा त्यानं दोष स्वतःवरच घेतला होता. आई जाऊन दोन वर्षं झालेली, आता लपवायचं कुणापासून? मी सगळं सांगितलं. आत्या काय म्हणाली, दाणा कुठं सापडला, दुकानात मी काय बोललो, सगळं. हात जोडून म्हटलं, "वहिनी, त्याला चोर ठरवलं मी. माफी मागायची राहिली."

तिनं पदरानं त्याचा फोटो पुसला. "मले बी नाही सांगतलं," म्हणाली. अंगणात मुलाचा ऑटो उभा होता. तिकडे पाहून ती हळूच म्हणाली, "यंदा दसऱ्याले पोराच्या ऑटोले कुंकू मीच लावीन."