सोनवणेबाईंची चौथी नळी

सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या की सोनवणेबाई आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोर जो असेल त्याला विचारायच्या, "चौथी कुठंय?" उत्तर मिळेपर्यंत पहिल्या नळीलाही त्या हात लावत नसत.

ऐंशीच्या दशकात दिल्लीतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी त्यांची विद्यार्थिनी होते. बाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. मी केंद्र सरकारातल्या कारकुनाची मुलगी, जन्मापासून दिल्लीकर. माझ्या तोंडी सारखं 'यार' यायचं, त्यावरून त्या मला फार छळायच्या. "पेशी मोजतेस मराठीत आणि चुकलं की हिंदीत रडतेस!"

रोगप्रतिकारक पेशी शत्रूला गाठून मारतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंना वेड होतं पुढच्या प्रश्नाचं : त्या थांबतात कशा? "मारायचं कौतुक मला नको सांगू. काम झाल्यावर हात आवरता आला पाहिजे, नाहीतर आपल्याच घरात शिरतील," त्या म्हणत. हे आवरायचं काम करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, असं त्यांचं मत होतं. तेव्हा त्याला बहुतेक जण हसायचे.

प्रयोग साधा होता. पहिल्या नळीत नुसत्या कर्करोगाच्या पेशी, दुसरीत जोडीला मारेकरी पेशी, तिसरीत आवरणाऱ्याही. मेलेली पेशी निळा रंग पिते, निळ्या मोजायच्या. तिसरीत निळ्या कमी भरल्या की बाई खूश. पण कोणीही म्हणेल, नळीत गर्दी झाली म्हणून मारेकऱ्यांना जमलं नाही. म्हणून चौथी नळी : आवरणाऱ्यांच्या जागी तितक्याच साध्या पेशी.

एकदा बाई तापानं घरी होत्या. त्यांच्या पंधरा वर्षांच्या कामावर ज्या परिषदेत शिक्कामोर्तब व्हायचं, ती आठवड्यावर आलेली. पेशी कमी पडल्या आणि मी चौथी नळी लावलीच नाही. मागच्या फेरीचा आकडा सरळ वहीत उतरवला. तिसरीचा निकाल इतका देखणा होता की मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

परिषदेच्या सकाळी बाईंनी वही चाळली. "हे दोन आकडे हुबेहूब सारखे कसे गं?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. व्यासपीठावर गेल्यावर म्हणाल्या, "शेवटचा आलेख मी दाखवणार नाही. त्यातली एक नळी आम्ही लावलेली नाही."

पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ हसले. "तो फिर आपके पास बचा क्या, मॅडम?"

"सवाल बचा है, सर," बाई म्हणाल्या आणि शांतपणे खाली उतरल्या.

माझं नाव त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. परतताना बसमध्ये मी हुंदके द्यायला लागले, तर म्हणाल्या, "रडून पेशी वाढत नाहीत. सोमवारी पेशी काढायला नवे उंदीर येतायत. चारही नळ्या लाव."

दीड वर्ष आम्ही लावत राहिलो. प्रत्येक वेळी तिसरीत निळ्या कमी भरल्या, चौथीत नाही. शेवटी त्याच ज्येष्ठांनी पत्र पाठवून पद्धत मागवली. बाईंनी ती स्वतःच्या हातानं लिहून दिली. त्या दिवशी मला माझ्या पदवीपेक्षा त्यांचा जास्त अभिमान वाटला.

निवृत्तीनंतर दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांना संधिवातानं गाठलं. त्यांच्याच पेशी त्यांचेच सांधे खात होत्या. दोन्ही हातांनी कप धरून म्हणायच्या, "माझ्या पेशींना माझा पेपर कुणीतरी वाचून दाखवा, यार."

"बाई, तुम्हीसुद्धा 'यार'?" मी म्हटलं. त्या चहा सांडेस्तोवर हसल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

आता माझी प्रयोगशाळा आहे. परवा रोहतकची एक विद्यार्थिनी उत्तम निकाल घेऊन धावत आली. मी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "चौथी?"

"सोनवणे? वो तो सबसे पहले लगाई, मॅडम."

माझ्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांसारखं तिनंही चौथ्या नळीवरच्या पट्टीवर तेच नाव लिहिलं होतं. बाईंना तिनं कधी पाहिलेलंही नाही.