उजव्या हातातलं टमरेल

माझी डावी कंबर दुखायला लागली तेव्हा मला आधी भीती वाटली नाही, नवल वाटलं. पायांचं मी समजू शकत होते. पहाटे उठून पंधरा-वीस किलोमीटर पळणाऱ्या बाईचे पाय दुखणारच. पण कंबर, तीही एकाच बाजूची, आणि दहावा किलोमीटर संपला की ठरल्या वेळेला जागी होणारी? मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. जास्वंदीपासून बेडकापर्यंत जे हाती येईल ते उकलून बघायची मला खोड होती. आणि हे तर माझंच शरीर होतं, तरी काही केल्या उलगडत नव्हतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी सांगलीत वाढलेली, लग्न होऊन कराडजवळच्या एका गावात आले त्याला चार वर्षं झाली होती. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. घरात सासू-सासरे आणि मी. सासरेही फौजेतूनच सुभेदार होऊन निवृत्त झालेले. एक दिवस त्यांनी पेपरात वाचलं की डिसेंबरात पुण्याला बेचाळीस किलोमीटरची शर्यत आहे आणि तिच्यात बायकाही पळतात. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं पाहिलं. शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत पळाले होते, हे मीच कधीतरी फुशारकीनं सांगून बसले होते.

"दम हाय का अजून, का संपला?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. आता माघार कशी घेणार?

सासूबाईंनी नाही म्हटलं नाही, पण दोन अटी घातल्या. "पळायचं तर पळ. पर गावानं बगाया नको. आन् हे दुकतंय, ते दुकतंय म्हणत घरी यायचं न्हाई. ज्या दिवशी लंगडत आलीस, त्या दिवशी पळणं बंद."

गावानं बघू नये यावरचा तोडगाही त्यांचाच होता. तेव्हा आमच्या आळीत घरात संडास नव्हते. अंधारात बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातात टमरेल दिसलं की पुढचं कुणी विचारत नसे. तेव्हा मी टमरेल घेऊन निघायचं, गाव मागं टाकायचं आणि मग हवं तेवढं पळायचं. सासरे आधीच सायकल घेऊन कालव्याच्या पुलावर जाऊन थांबणार. मी पंजाबी ड्रेस घालायचे, वर नवऱ्याचा जुना स्वेटर, डोक्यावरून शाल. पुलावर पोचले की शाल सायकलच्या कॅरिअरला जायची. टमरेल मात्र हातातच राहायचं.

का, ते सांगते. शाल सासऱ्यांच्या हातात देता येते, टमरेल कसं देणार? ते द्यायचं म्हणजे त्याचा उल्लेख करायचा आणि खाली ठेवायचं म्हणजे ते त्यांच्या नजरेला आणायचं. सून आणि सासरा यांच्यात टमरेल ही वस्तू अस्तित्वातच नसते. मी त्यातलं पाणी पुलाच्या अलीकडं ओतून टाकायचे आणि रिकामं टमरेल उजव्या हातात पोटाशी धरून पळायचे. त्याची कडी वाजू नये म्हणून हात घट्ट आवळलेला. वाटेत कुणी दिसलं तरी अडचण नव्हती. टमरेल घेऊन पळणाऱ्या बाईला लोक कारण विचारत नाहीत, वाट देतात.

सासरे सायकलवरून माझ्या मागं यायचे आणि कवायतीसारखं ओरडायचे. "मान वर! पाऊल आपटू नको! डावा हात ढिला सोड!" माझ्या डाव्या हाताचं कोपर किती वाकावं यावर त्यांनी चार महिन्यांत किमान शंभर सूचना दिल्या असतील. उजव्या हाताबद्दल एकही नाही.

ती पहाट मला किती हवी होती ते इथं स्पष्ट सांगते. शाळेत मी बाई होते, घरात सून, पत्रात बायको. कालव्याच्या भरावावर, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोक्याएवढा ऊस, तिथं मी फक्त धापा टाकणारी कुणीतरी होते. दिवसभरातले कुणाचेही नसलेले ते दोन-अडीच तास मला इतके आवडायला लागले होते की शर्यत हे निमित्तच उरलं होतं. म्हणून गणपतीच्या सुमारास कंबर दुखायला लागली तेव्हा मी तोंड शिवून घेतलं. घराच्या उंबऱ्यापाशी आले की दात दाबून सरळ चालायचे. भाकरीला बसताना डावा पाय हळूच पुढं सरकवून ठेवायचे.

घरात बोलता येत नव्हतं म्हणून मी बाहेर चौकशी सुरू केली. विचारताना कारण ठरलेलं असायचं: दहावीच्या वर्गाला स्नायूंचा धडा शिकवायचाय. आमच्या शाळेचे शिपाई तरुणपणी पैलवान होते. ते म्हणाले, "आवं बाई, कंबर दुकली तर तालमीतली माती लावायची. तेल, ताक, हळद, सगळं मुरलेलं आसतंय तिच्यात. बैल सुदा उटून बसंल." दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीभर लाल माती आणून दिली, धड्यासाठी. मी ती न्हाणीत दार लावून कमरेला थापली. अर्धा तास गार वाटलं, फार बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दहाव्या किलोमीटरला दुखणं पुन्हा हजर.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. त्यांच्यातल्या एका बाईला मी विचारलं, दिवसभर वाकून तुमची कंबर दुखत नाही का? तिनं कोयता थांबवला. मग म्हणाली, "दुखती की. पर थांबल्यावर जास्ती दुखती." तिनं पदर कमरेला करकचून कसा बांधायचा ते दाखवलं. मी तसं ओढणी बांधून पळून पाहिलं. श्वास कोंडला, कंबर होती तशीच.

माहेरी सांगलीला गेले तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. फोटो काढला. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "कुठं एका अंगावर भार पडतो का?" मी बराच विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. मी ते अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, याचं मला आजही हसू येतं.

उलगडा मातीनं केला, पण तालमीच्या नाही. एकदा कालव्याचं पाणी फुटून भरावावर पातळ चिखल झाला होता. परतताना उजाडलं होतं आणि जातानाची माझी पावलं तशीच उमटलेली होती. मी थांबले. उजवं पाऊल सरळ होतं. डावं पाऊल बाहेर वळलेलं, आणि टाच जास्त रुतलेली. सगळी डावी पावलं तशीच. मी तिथंच उभी राहून चार पावलं सावकाश पळायची नक्कल केली आणि माझं लक्ष हाताकडं गेलं. डावा हात झोके घेत होता. उजवा पोटाशी चिकटलेला. एका हातानं झोका घ्यायचा नाही म्हटल्यावर अंग तेवढंच पीळ खाणार, आणि तो पीळ कुठंतरी साठणार.

"काय झालं?" सासऱ्यांनी सायकलवरून विचारलं.

"काही नाही, खडा टोचला."

वर्गात मुलांना सांगते तसं करायचं ठरवलं. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून टमरेल डाव्या हातात घेतलं. सासऱ्यांनी ते पाहिलं असणार, कारण त्या दिवसापासून त्यांच्या सूचना गुपचूप उजव्या हाताकडं वळल्या. आठवड्याभरात डावी कंबर शांत झाली आणि उजवी दुखायला लागली. मला इतका आनंद झाला की भरावावर मी एकटीच मोठ्यानं हसले. दुखण्यावर असा आनंद करणारी बाई त्या वेळी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

पण पुढं काय? टमरेल सोडायचं तर गावातून मोकळ्या हातानं जावं लागणार. त्यासाठी सासूबाईंना कारण द्यावं लागणार, आणि कारण म्हणजे कबुली. शर्यतीला महिना राहिला होता. मी सोपा मार्ग काढला. पुलाच्या अलीकडं शेवटच्या उसाच्या सरीत टमरेल खुपसून ठेवायचं आणि येताना काढून घ्यायचं. तीन दिवस मी दोन्ही हात मोकळे सोडून पळाले. काय ते पळणं! चोवीस किलोमीटर झाले तरी कमरेनं चकार शब्द काढला नाही.

चौथ्या दिवशी परत आले तर पुलाशेजारी ऊसच नव्हता. टोळी पहाटेच त्या वावरात शिरली होती. पाचट पसरलं होतं, मोळ्या बांधून पडल्या होत्या आणि माझं टमरेल कुठंच दिसत नव्हतं. कुणाला विचारणार? मी शाल घट्ट लपेटून, दोन्ही हात आत घेऊन घरी आले.

घरी माझ्या आधी टमरेल पोचलं होतं. सासऱ्यांना फौजेतली सवय होती. पेटीपासून घमेल्यापर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर ते पांढऱ्या रंगानं आपला पलटणीतला नंबर टाकत. आख्ख्या गावाला तो पाठ होता. शेजारच्या काकी ते टमरेल घेऊन अंगणात उभ्या होत्या. "सुनंचं दिसतंय. उसात घावलं. पोरीला काय झालं-बिलं तर न्हाई न्हवं, म्हून आले."

सासूबाईंनी ते हातात घेतलं, "बरं केलंसा," म्हणाल्या आणि आत गेल्या. शाळेत माझं लक्ष लागलं नाही. पळणं बंद होणार हे मी धरूनच चालले होते, आणि फळ्यावर हृदयाचे कप्पे काढताना मला रडू येत होतं.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी चटई अंथरली. "पालथी पड."

मी पडले. त्यांनी कोमट तेल घेतलं आणि अंगठा टेकवला. डाव्या कमरेच्या मागं, हाडाच्या जरा वर, बरोबर त्याच जागी. माझ्या तोंडून आवाज निघाला.

"कवापास्नं?"

"तीन महिने झाले," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. टमरेल, हात, चिखलातली पावलं, माती, डॉक्टर. "पण आता नाही दुखत एवढं, आत्याबाई. खरंच. दाबलं तरच. मला बंद करू नका."

त्या बराच वेळ चोळत राहिल्या. मी विचारलं, "तुम्हाला नेमकी जागा कशी कळली?"

"मला बी हितंच हाय. भाकरीला बसताना डावा पाय मी बी आसाच फुडं सारती."

"कधीपासून?"

"लगीन होऊन आले तवापास्नं. बत्तीस वरसं झाली. आडावरनं रोजच्या आट-धा कळश्या, ह्याच कमरंवर."

मी चटईत तोंड खुपसलं. चार वर्षं मी त्यांना डावीकडं झुकून चालताना पाहत होते आणि तो त्यांच्या चालीचा ढंग आहे असं समजत होते. शिपायाला विचारलं, ऊस तोडणारीला विचारलं, पैसे देऊन डॉक्टरला विचारलं. एका चुलीपुढं बसणाऱ्या बाईला विचारायचं मला सुचलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि आपल्याला लय कळतं या समजाची जास्त वाटली.

"उद्यापास्नं मोकळ्या हातानं जा," त्या म्हणाल्या.

"आणि गाव?"

"गावाचं मी बगती."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या माझ्याबरोबर उठल्या आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी रस्त्याला लागले तेव्हा मागं काकींचा आवाज आला, "सून कुटं निगाली गं?" आणि सासूबाईंचं उत्तर, शांत, दोनच शब्दांचं: "पळाया निगाली." पुलावर सासऱ्यांनी माझ्या दोन्ही हातांकडं पाहिलं, खाकरले आणि म्हणाले, "हां. आता दोन्ही ढिले सोड."

शर्यत मी पुरी केली. वेळ सांगण्यासारखी नाही, मंडप सोडायला सुरुवात झाली होती एवढं पुरे. दोन दिवस मला जिना उतरता येत नव्हता, पण दुखणं दोन्ही बाजूंना अगदी सारखं होतं. मी ते कौतुकानं चाचपून बघत होते. आठवड्याभरानं सासूबाईंना सांगलीच्या त्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि फार वेळ खाली ठेवला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "तू हात मोकळा क्येलास आन् तुजं ग्येलं. मी आता कळशी उजव्या कमरंवर घ्येतली, तर माजं जाईल?"

त्यांना खोटं चालत नसे. "नाही जाणार, आत्याबाई," मी म्हणाले. "सांधा झिजलाय. ते भरून येत नाही."

"तरी बगू की," त्या म्हणाल्या. हा माझा गुण त्यांना कधी लागला कुणास ठाऊक.

सकाळी मी त्यांच्याबरोबर आडावर गेले. त्यांनी भरलेली कळशी उचलून उजव्या कमरेवर ठेवली. ती घसरली. पुन्हा ठेवली, हातानं दाबून धरली, दोन पावलं टाकली, आणि सगळं पाणी लुगड्यावर सांडलं. आडावरच्या बायका हसल्या. त्याही हसल्या, भिजलेल्या जागेवर तळहात फिरवत, जणू तिथं काहीतरी शोधत होत्या.

"ह्या बाजूला मला कंबरच न्हाई गं," त्या म्हणाल्या आणि रिकामी कळशी पुन्हा डावीकडं घेतली.