तिसरं वाचन

आमच्या वस्तीच्या नाटकमंडळाचा नियम साधा आहे. तीन वाचनांत जो भूमिका पेलेल, भूमिका त्याची. त्यात वशिला चालत नाही, असं मीच छाती ठोकून सांगत आले.

ब्लाउज शिवणाऱ्या आक्काला यंदा आईचं काम हवं होतं. वीस वर्षं मंडळाचे पडदे शिवले, पण रंगमंचावर कधी उभी राहिली नव्हती. तिला वाचता येत नाही, हे तेव्हा फक्त तिच्या धाकट्या जावेला ठाऊक होतं. जाऊ रोज दुपारी मशीनशेजारी बसून नाटक वाचायची आणि आक्का शिवता शिवता पाठ करायची. दोन वाचनांत कागद नुसता हातात धरून तिने सगळ्यांना रडवलं.

तिसऱ्या वाचनाला दिग्दर्शकाने आईचा शेवटचा प्रवेश नवा लिहून आणला. आक्का कागदाकडे बघतच राहिली.

"चष्मा विसरलीस काय?" कुणीतरी खिदळलं.

"वहिनी, तुम्ही बघा जरा," दिग्दर्शक जावेला म्हणाला.

तिने अख्खा प्रवेश घडाघडा म्हटला, एकदाही कागदाकडे न बघता. टाळ्या पडल्या, भूमिका तिची झाली. मी भांडायला उठले, तर आक्काने मला हाताला धरून बसवलं.

"नवा कागद कधी मिळाला गं तुला?" तिने जावेला विचारलं.

"झाले असतील चार दिवस, आक्का."

"आणि काल दुपारी मला जुनाच वाचून दाखवलास?"

आक्का आमच्याकडे वळली.

"मला वाचता येत नाही. हे माझ्याच तोंडून ऐका, हिच्या नको."