आकस नव्हता

“भरपाई न्हाई दिली तरी चालंल, त्यानं आकसानं केलं, एवढं कोर्टानं लिहावं,” असं एडविन भांबळ पहिल्याच भेटीत वकिलाला म्हणाला होता.

राहुरीच्या अलीकडच्या एका गावात तो मिशनच्या शाळेत शिपाई होता. घंटा द्यायची, पाणी भरायचं, रविवारी चर्चची बाकं पुसायची. चर्चच्या मंडळीच्या सभेत त्याने आयुष्यात एकदाच तोंड उघडलं. रस्त्याकडेची चर्चची जागा दुकानांना कोणाला विचारून दिली, असं त्याने सेक्रेटरी स्टीफन पाटोळेला विचारलं. त्याच महिन्यात प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला नाहीसा झाला आणि स्टीफनने पोलिसांत एडविनचं नाव दिलं.

पोलिसांनी त्याला वर्गांसमोरून नेलं. पोरं खिडक्यांत चढली. शाळेने काढून टाकलं. नाताळच्या साफसफाईत प्याला सापडला. स्टीफनकडे किल्ली असलेल्या कपाटातच, पडद्यांच्या गठ्ठ्यामागे. तरी खटला वर्षानुवर्षं चालला. निर्दोष सुटल्यावर एडविनने स्टीफनवर नुकसानभरपाईचा दावा लावला. अशा दाव्यात फिर्याद खोटी होती एवढं दाखवून भागत नाही. आकस दाखवावा लागतो.

दावा चालू असताना त्याची आई रंगुबाई अंथरुणाला खिळली. मुलासोबत एकदा प्रभुभोजन घ्यावं, एवढीच तिची इच्छा राहिली होती. त्या मंडळीची रीत अशी की, वैर मनात ठेवून प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. आधी सगळ्यांसमोर उभं राहून समेट करायचा. चर्चच्या पाळकांनी सांगितलं, रविवारी तू मंडळीसमोर बोल, मग मी दुपारी भाकर घेऊन घरी येतो. एडविन उभा राहिला.

“स्टीफनभाऊंच्या मनात माझ्याविषयी आकस नव्हता. माझ्याही मनात काही नाही.”

स्टीफनने त्याला मिठी मारली. बायकांनी डोळे पुसले. दुपारी पाळकांनी रंगुबाईच्या जिभेवर भाकरीचा तुकडा ठेवला, तो तिला गिळता आला नाही. सुनेने तो बोटाने काढला. दिवस मावळायच्या आत म्हातारी गेली.

उलटतपासणीत स्टीफनच्या वकिलाने विचारलं, असं बोललात का? बोललो. खरं की खोटं? एडविनने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. तो म्हणाला, खरं. दावा गेला. जिल्हा न्यायालयातलं अपीलही गेलं.

उरलं दुसरं अपील. त्यात कायद्याचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालयाचं खंडपीठ ते दाखल करून घेतं. एडविनच्या राधाकृष्ण वकिलांना एकच वाट दिसत होती. मरणाऱ्या आईसाठी, दबावाखाली वदवून घेतलेलं वाक्य पुरावा म्हणून धरताच येत नाही, असं म्हणायचं. खंडपीठाकडे जाताना एसटीत त्यांनी एडविनला पुन्हा पुन्हा पढवलं. न्यायमूर्तींनी विचारलंच तर सांगायचं, खोटं बोललो.

“जमेल ना?”

“जमंल, साहेब.”

खंडपीठाच्या व्हरांड्यात स्टीफन डबा उघडून बसला होता. “ये, दोन घास खा,” तो म्हणाला. “मनात काय ठेवू नको, एडविन. मी बी न्हाई ठेवलं. सगळ्या मंडळीदेखत तूच म्हनला हुता ना.”

पुकारा झाला. न्यायमूर्ती कागद चाळत म्हणाले, दोन्ही न्यायालयांनी वस्तुस्थिती ठरवलेली आहे, कायद्याचा प्रश्न कुठे? वकिलांनी दबावाचा मुद्दा मांडला. न्यायमूर्तींनी विचारलं, पक्षकार आलेत का? एडविन उठला.

“आईसाठी तुम्ही देवासमोर खोटं बोललात, असं तुमचं म्हणणं आहे का?”

वकिलांनी हळूच मान हलवून बोलायची खूण केली. मागच्या बाकावर स्टीफन पुढे झुकला. हो म्हटलं, तर रंगुबाईच्या तोंडात खोट्याच्या बदल्यात मिळालेला तुकडा ठेवला होता, असं ठरणार. नाही म्हटलं, तर स्टीफन कायमचा स्वच्छ. न्यायमूर्तींनी उत्तराची थोडी वाट पाहिली आणि लघुलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली. अपील दाखल करून घेण्याजोगं नाही.

मजकूर संपायच्या आत एडविन बाकांमधून वाट काढत दाराशी पोचला आणि कोणाकडेही न बघता बाहेर पडला.